धूर किती वाजता येतो?

आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, एक भलंमोठं हिरवं अंडं बसलेलं असतं. बिल्डिंगमधली लहान मुलं त्याला डायनासोरचं अंडं म्हणतात, वॉचमन भट्टी म्हणतो आणि आमच्या घरी त्याचं नाव ‘मामूचा मटका’ आहे. नीट सांगायचं तर ती कोळशावर चालणारी सिरॅमिकची शेगडी. भाजलेल्या मातीचं जाड पोट, तेवढंच जाड झाकण, खाली हवा आत घ्यायला सरकती खिडकी आणि वर धूर सोडायला फिरती चकती. झाकण पोटावर जिथे टेकतं तिथे, दोन्ही काठांवर, बोट-दीड बोट रुंदीची फेल्टची पट्टी चिकटवलेली असते. तिला गॅस्केट म्हणतात. अख्ख्या शेगडीत सगळ्यात स्वस्त, सगळ्यात कुरूप आणि कुणाच्या नजरेला न पडणारी वस्तू तीच. २०२५ च्या बकरीदआधी आमचे आठ-दहा दिवस त्या पट्टीपायी गेले, आणि सोसायटीतलं एक प्रकरणही तिच्यावरच येऊन अडकलं होतं.

मामू म्हणजे माझ्या अम्मीचा धाकटा भाऊ. मूळचा कराडकडचा. आयटीआयमधून फिटर होऊन तो आखातात गेला आणि समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका कारखान्यात चोवीस वर्षं राहिला. काम एकच. पाइपला पाइप जिथे जोडलेला असतो तिथली गळती शोधायची आणि मधलं गॅस्केट बदलायचं. परत येताना लोक सोनं आणतात, टीव्ही आणतात. मामूने ही शेगडी आणली. तिथला एक इंग्रज इंजिनियर नोकरी सोडून निघाला होता, त्याने जाता जाता ती मामूला देऊन टाकली. मामूने चार ब्लँकेटांत गुंडाळून ती जहाजाच्या कार्गोने मुंबईला पाठवली. वाटेत तिचा टवकाही उडाला नाही, याचा त्याला चोवीस वर्षांच्या नोकरीपेक्षा जास्त अभिमान आहे. आता त्याचे हात कापतात. पाना बोल्टवर बसत नाही. त्यामुळे या वेळी डोकं त्याचं आणि हात माझे, अशी वाटणी झाली.

या शेगडीची कुळकथा गमतीची आहे. जपानी घरांत भात शिजवायची चूल असायची, तिला कामाडो म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये असलेल्या अमेरिकी सैनिकांनी तिचं सुटं, झाकणाचं रूप पाहिलं, त्यात मांस भाजून पाहिलं आणि घरी परतताना ती सोबत नेली. १९७४ मध्ये एड फिशर नावाच्या माणसाने अटलांटात अशा चुली विकायचं दुकान काढलं. पुढे तडकणाऱ्या मातीच्या जागी टिकाऊ सिरॅमिक आलं आणि हा अंड्याचा आकार अमेरिकेतल्या परसांत रुजला. म्हणजे जपानी भाताची चूल अमेरिकेत जाऊन मांसाहारी झाली, आखातात एका इंग्रजाच्या अंगणात राहिली आणि शेवटी अंधेरी पूर्वेच्या गच्चीवर आमच्या बोटी कबाबच्या कामी आली.

आता प्रकरण सांगते.

आमची सोसायटी मिश्र आहे. सत्तरेक घरं, त्यात मुसलमानांची तीन. मुंबईत घर शोधताना नाव सांगितल्यावर फोनवरचा आवाज कसा बदलतो, ते ज्यांनी शोधलंय त्यांना सांगायला नको. आम्ही इथे एकोणीस वर्षं आहोत आणि एकंदरीत सुखात आहोत. कोजागिरीला दुधाचं पातेलं गच्चीवर चढतं तेव्हा ते मटक्याच्या शेजारीच ठेवतात, आणि ईदला कमिटी आम्हाला गच्चीच्या दोन संध्याकाळी देते. पण गेल्या हिवाळ्यात, घरातल्या एका साखरपुड्यानंतर, सातव्या मजल्यावरच्या काकूंनी लेखी तक्रार केली. त्यांना दमा आहे. शेगडी पेटते त्या रात्री घरात धूर येतो, झोप लागत नाही, पंप घ्यावा लागतो. कमिटीचं पत्र आलं की पुन्हा तक्रार आली तर शेगडी गच्चीवरून हलवावी लागेल. व्हॉट्सॲप ग्रुपवर मग जे व्हायचं ते झालं. धुरावरून विषय मांसावर गेला, मांसावरून ‘तुमच्या सणांवर’ आणि तिथून कुठल्या कुठे. दोघा-तिघांनी आमची बाजूही घेतली. ती वाचताना मला जास्त अवघडल्यासारखं झालं.

पुतण्या एकवीस वर्षांचा आहे, तो तापला. ‘‘यांना धुराचा त्रास नाहीये चाची, यांना आपला त्रास आहे.’’ त्याला लगेच खोडून काढावं असं माझ्याकडे काही नव्हतं, कारण तसा त्रास असणारी माणसं असतात. मामू इतका वेळ चहात पाव बुडवून खात होता. तो म्हणाला, ‘‘धुआँ कित्ते बजे आताय, ये पूछे क्या किसीने?’’

मी वर गेले. काकूंनी दार उघडलं, आत बसवलं. ग्रुपवरच्या गप्पांनी त्याही ओशाळलेल्या होत्या. ‘‘तुम्ही वर असता तेव्हा नाही गं येत धूर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तेव्हा वास येतो, त्याचं काय एवढं. धूर येतो तुम्ही सगळे खाली गेल्यावर. अकरा, साडेअकराला. मग पार पहाटेपर्यंत.’’

आम्ही नऊला आवरतो. सव्वानऊला झाकण, खिडकी, चकती, सगळं बंद करून खाली येतो. म्हणजे बंद केलेल्या शेगडीतून दोन तासांनी धूर येत होता. हे ऐकून मामूचा चेहरा, खरं सांगते, उजळला. किती वर्षांनी कुणीतरी त्याच्याकडे गळतीची तक्रार घेऊन आलं होतं. त्याने पुतण्याला एकच विचारलं, सकाळी शेगडीत कोळसा किती उरतो? पुतण्या म्हणाला, कोळसा कुठला, राख असते.

‘‘फिर?’’ मामू म्हणाला.

साधी उघडी शेगडी आपण पंख्याने वारा घालून पेटती ठेवतो आणि पाणी मारून विझवतो. या शेगडीचा हिशेब निराळा आहे. इथे कोळसा कमी-जास्त करून आच कमी-जास्त होत नाही. पोट भरून कोळसा घालायचा आणि हवा मोजून द्यायची. खालची खिडकी जेमतेम उघडी ठेवली तर आतलं तापमान शंभर-सव्वाशे अंशांवर तासन्‌तास टिकतं, सताड उघडली तर ते साडेतीनशेच्या पुढे जातं. तापलेली हवा वरच्या चकतीतून बाहेर पडते, तिच्या जागी खालून नवी ओढली जाते. दोन्ही तोंडं बंद केली की आतला प्राणवायू संपतो आणि निखारे तासाभरात काळे पडतात. उरलेला कोळसा दुसऱ्या वेळी वापरता येतो. पण काठाला फट असेल तर आग ना धड जळते, ना धड मरते. ज्वाळा धरायला हवा पुरत नाही, विझायला ती जास्त होते. मग जाळीवरून ओघळलेली चरबी, मसाल्याचे तुकडे, अर्धे निखारे, सगळं रात्रभर धुमसत राहतं. धुमसणाऱ्या आगीचा धूर पेटत्या आगीच्या धुरापेक्षा वाईट, कारण त्यात अर्धवट जळलेलंच जास्त असतं. शिवाय तो फार तापलेला नसतो, त्यामुळे वर उठत नाही. संध्याकाळी गच्चीवर वारा असतो, सगळं उडवून नेतो. रात्री वारा पडतो. गच्चीच्या लगेच खाली सातवा मजला, आणि काकूंच्या बेडरूमची खिडकी बरोबर टाकीच्या बाजूला.

खात्री करायची रीत मामूनेच सांगितली. रात्री गच्चीवरचे दिवे बंद करायचे, मोबाइलचा टॉर्च लावून रिकाम्या शेगडीत ठेवायचा आणि झाकण लावायचं. आम्ही तिघे अंधारात तिच्याभोवती फिरलो. पुढच्या बाजूला काही दिसलं नाही. मागे, बिजागरीच्या अंगाला, जवळजवळ वीतभर लांब पिवळी रेघ होती, केसासारखी सुरू होऊन मधे चांगली नाणं जाईल एवढी जाड.

पट्टी का गेली, याला दोन कारणं. फेल्ट सोसतं त्याच्यापेक्षा जास्त उष्णता तिला मिळाली होती. पुतण्या व्हिडिओ पाहून त्यात नान आणि पिझ्झे करतो, शेगडी तापवून तापवून लाल करतो. आणि प्रत्येक वेळी झाकण एकदम उघडतो. कोंडलेल्या शेगडीचं झाकण एकदम उघडलं की बाहेरची हवा आत धावते आणि भपकन जाळ येतो. भुवया जातात आणि पट्टीही. झाकण आधी दोन बोटं उचलून जरा थांबायचं, मग पूर्ण उघडायचं, हे शेगडी वापरणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. दुसरं कारण मुंबईचा पाऊस. फेल्ट पाणी पितं. ताडपत्री कितीही बांधा, चार महिने ते ओलं राहतं, बुरशी धरतं, मग उन्हाळ्यात कडक होऊन त्याचा भुगा होतो.

गॅस्केट हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात एक आहे. कुकरची रिंग. १९५९ साली मुंबईत सुरू झालेल्या हॉकिन्सच्या कुकरचं झाकण आतून बसतं, त्यामुळे वाफेचा दाब वाढेल तसा तोच झाकण रिंगवर आणखी घट्ट दाबतो. शिट्टी होत नाही, कडेने फुसफुस येते, की आपण पहिल्यांदा रिंग बघतो, ती थंड पाण्यात टाकतो, नाहीतर नवी आणतो. फरक एवढाच की कुकरची रिंग आतलं बाहेर जाऊ देत नाही आणि शेगडीची पट्टी मुख्यतः बाहेरचं आत येऊ देत नाही. कुकरचं लक्षण लगेच ऐकू येतं. शेगडीचं लक्षण तुम्ही झोपल्यावर दुसऱ्याच्या घरात दिसतं.

आणि कुकरच्या आधी? लग्नाच्या देगेला बावर्ची दम देतो तेव्हा काठावर कणकेची लांब वळी फिरवतो, तिच्यावर झाकण दाबतो आणि वर निखारे ठेवतो. ती कणीक म्हणजे एका दिवसाचं गॅस्केट. माझी नानी कराडला दम लावायची तेव्हा आम्हा मुलांना देगचीभोवती बसवायची. काम एकच, कणीक सुकून तडकली आणि कुठून वाफेची रेघ दिसली की ओरडायचं. मग ती ओल्या कणकेचा गोळा घेऊन यायची आणि अंगठ्याने तिथे दाबायची. दम मोडताना ती सुकलेली कणीक सुरीने उचकटून बाजूला पडायची, आणि तिच्या आतल्या बाजूला तूप-मसाला लागलेला असायचा म्हणून आम्ही ती खायचोही.

माझं सासर रोह्याजवळचं. तिकडे थंडीत पोपटी लावतात. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, सगळं मडक्यात भरायचं, तोंडाशी भांबुर्डीचा पाला गच्च कोंबायचा, मडकं उपडं करायचं आणि भोवती जाळ. भांबुर्डी वासासाठी घालतात असं सगळे सांगतात, आणि वास येतोच. पण पाला सैल कोंबला तर शेंगा करपतात, हे सासूबाई सांगतात, आणि मला त्यांचं म्हणणं जास्त महत्त्वाचं वाटतं.

याच्याही मागे जायचं तर खुद्द कोळसा. लाकूड उघड्यावर जाळलं की राख होते, हवा तोडून जाळलं की कोळसा होतो. कोळशाची भट्टी लावणारे लाकडं रचतात, वर गवत-पाला पसरतात, त्यावर माती लिंपतात आणि आत आग सोडतात. मग कितीतरी दिवस, रात्रंदिवस, कुणीतरी त्या ढिगावर नजर ठेवून बसलेलं असतं. मातीला तडा गेला की लगेच लिंपायचा, नाहीतर हवा शिरते आणि कोळशाच्या जागी राख हाती येते. आपल्याकडे हे काम रायगड-पालघरकडची कातकरी कुटुंबं करत आली. काथ काढणारे म्हणून कातकरी. खैराचं जंगल गेलं, काथ गेला, आणि उचल घेऊन बायकामुलांसह भट्ट्यांवर जाणं आलं. त्या उचलीचं पुढे वेठबिगारीत काय होतं ते वेगळं लिहायला हवं. इथे एवढंच, की आमच्या पोत्यातला प्रत्येक कोळसा कुणीतरी जागून, फटी लिंपून वाचवलेला असतो. तो रात्रीत फुकटची राख व्हावा हे मला कळल्यापासून बोचायला लागलं.

नवी पट्टी कुठे मिळेल? परदेशी कंपनीची तयार पट्टी मागवली तर ईदनंतर येणार होती. मामू म्हणाला, नागदेवीला जा. मशीद बंदर स्टेशनाजवळची नागदेवी स्ट्रीट ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एकदा जरूर पाहावी. बेअरिंगं, पट्टे, व्हॉल्व्ह, ऑइल सील, पॅकिंगच्या दोऱ्यांची भेंडोळी, आणि या सगळ्यांतून वाट काढणाऱ्या हातगाड्या. तिथे गॅस्केटला गॅस्केट कुणी म्हणत नाही, पॅकिंग म्हणतात. एका दुकानात पांढऱ्या दाढीचे, सोनेरी काठाची टोपी घातलेले बोहरी चाचा बसले होते. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि तीन प्रश्न विचारले. टेंपरेचर कितना? प्रेशर कितना? अंदर से क्या जाता है?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मामूने लिहून दिली होती. तिसऱ्याला मी म्हटलं, ‘‘धुआँ. और कबाब.’’

चाचांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग अगदी गंभीरपणे एकेक माल समोर ठेवायला लागले. रबर नाही चालणार, सिलिकॉनचंही नाही, अडीचशे अंशांच्या आसपास त्याचा दम संपतो. कोपऱ्यात करड्या दोरीचं भेंडोळं होतं, त्यावर मी बोट ठेवलं तर म्हणाले, ‘‘वो नहीं. वो खाने की चीज में मत लगाना.’’ ती ॲस्बेस्टॉसची दोरी होती. बेकरीच्या, बॉयलरच्या दारांना वर्षानुवर्षं हीच लावत आले. तिचे तंतू श्वासातून फुप्फुसात जातात आणि तिथेच राहतात. ॲस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांनी कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे सिमेंटच्या पत्र्यांत ते अजून सर्रास असतं. घरच्या कुठल्याही भट्टी-शेगडीला कुणी स्वस्तात मिळते म्हणून ती दोरी लावत असेल तर कृपा करून थांबवा. सिरॅमिक फायबर त्यांनी स्वतःच बाजूला सारलं, त्याची कुसं उडतात. शेवटी आतून एक पिवळसर पांढरं, घोंगडीसारखं जाड कापड आलं. नोमेक्सचं फेल्ट. डुपॉन्ट कंपनीने हा धागा १९६० च्या दशकात बाजारात आणला, आग विझवणाऱ्या जवानांचे कपडे त्याचे करतात. तो वितळत नाही, दोनशे अंश रोज सोसतो, पावणेचारशेच्या आसपास काळा पडायला लागतो. मुंबईत तो मिळतो कारण कारखान्यांच्या धुराड्यांत धूळ गाळायच्या पिशव्या त्याच्या शिवतात. म्हणजे धुराशी त्याचा परिचय जुना. चाचांनी परीघ विचारला, वर चार बोटं जास्त धरली आणि दोन पट्ट्या कापून दिल्या.

काम वाटतं तेवढं अवघड नाही, पण चिवट आहे. झाकण बिजागरीवरच राहू दिलं, फक्त मागे दोरीने टाकीच्या पाइपला बांधून ठेवलं. ते अंगावर आलं तर बोटं जातील. जुनी पट्टी पुट्टीच्या पात्याने खरवडली. पातं आडवं धरायचं, उभं नाही, नाहीतर सिरॅमिकचा टवका निघतो. वरचा भुगा लगेच पडतो, खालचा गोंद आणि चरबी मिळून जे काही झालेलं असतं ते दगडासारखं असतं. त्याला ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढतात ते. चिंधी भिजवायची, ठेवायची, पुसायची, पुन्हा ठेवायची. आसपास काडी पेटवायची नाही. मग पॉलिश पेपर. दीड दिवस गेला यात. मामू प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून दर पाच मिनिटांनी काठावरून बोट फिरवायचा आणि ‘‘और’’ म्हणायचा. हात कापतात, पण त्या बोटाला खडबडीत काय आणि गुळगुळीत काय ते अजून बरोबर कळतं.

त्यातच पाऊस. मुंबईत मॉन्सून एरवी ११ जूनच्या सुमारास येतो, २०२५ मध्ये तो २६ मेलाच हजर झाला. आम्ही टाकीच्या पत्र्याला ताडपत्री ताणून बांधली आणि काठ केस सुकवायच्या ड्रायरने वाळवले. गोंद म्हणून उष्णता सोसणारा, खाद्ययंत्रांना चालणारा सिलिकॉन आणला होता. मला वाटलं या ओल्या हवेत तो वाळणार कसा. मामू हसला. हा गोंद हवेतला ओलावा घेऊनच पक्का होतो. त्याचा व्हिनेगरसारखा वास सुटतो, तो गेला की काम झालं. काठ कोरडा पाहिजे, हवा ओली चालते. मुंबईच्या दमटपणाचा असा उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला.

पट्टी लावताना मामूने एकच गोष्ट दहा वेळा बजावली. ताणायची नाही. ताणून लावली की त्या वेळी सुबक दिसते, पण पहिल्या आगीत ती आपल्या मूळ लांबीला परत जाते आणि जोडावर फट पडते. सैल सोडत, अंगठ्याने किंचित मागे रेटत पुढे जायचं. जोड मागे, बिजागरीजवळ. शेवटी पट्टी थोडी जास्त ठेवून कापायची आणि दोन्ही टोकं एकमेकांवर न चढवता एकमेकांना भिडवून दाबायची. मग मधे मेणकागद घालून, दोन पट्ट्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून, झाकण लावायचं आणि एक दिवस त्याला हात लावायचा नाही. झाकणाचं वजनच गोंदाचं काम करतं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या नोटेची परीक्षा. नोट काठावर ठेवायची, झाकण लावायचं, नोट ओढायची. अडकत अडकत निघाली पाहिजे. आम्ही घड्याळाच्या आकड्यांसारखी बारा ठिकाणं पाहिली. अकरा ठिकाणी नोट अडली, बिजागरीच्या डाव्या अंगाला सहज सुटली. पुतण्या म्हणाला, तिथे पट्टीचा आणखी एक थर लावू. मामूने नकार दिला. पट्टी ठीक आहे, झाकण तिरकं बसतंय. शेगडीच्या कमरेला आणि झाकणाला जे लोखंडी पट्टे असतात त्यांचे बोल्ट सैल करून झाकण सरळ बसवलं, आणि एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा, असं थोडं थोडं आवळलं. कारखान्यात यावरून नव्या पोरांना शिव्या बसायच्या म्हणे. एक बाजू आधी पूर्ण आवळली की दुसरी कायमची वर राहते.

मी सेक्रेटरींना सांगायला गेले की शेगडी दुरुस्त झालीय. ते भले गृहस्थ आहेत, पण त्यांनी विचारलं, ‘‘कोर्टाने कोळसाच बंद केलाय ना आता?’’ मुंबई उच्च न्यायालयाचा जानेवारी २०२५ चा आदेश लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि हॉटेलांच्या भट्ट्यांबद्दल होता. सहा महिन्यांत गॅस, वीज अशा स्वच्छ इंधनावर जा, असा. महापालिकेने त्यासाठी ८ जुलैपर्यंतची मुदत दिली होती. घरच्या शेगडीचा त्यात संबंध नाही, हे मी त्यांना सांगितलं. पण खरं सांगायचं तर त्या आदेशामागचं कारण मला नाकारता येत नाही. पावाच्या भट्टीवर पोट असलेले लोक माझ्या ओळखीत आहेत, नवा ओव्हन घ्यायचा म्हणजे त्यांचं कंबरडं मोडतं, आणि लाकडावरच्या पावाची चव मलाही हवी असते. तरी भट्टीच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या माणसाचं फुप्फुस ही काही चवीची बाब नाही. वर्षातून पाच-सहा संध्याकाळी आणि रोज पहाटे यांत फरक आहे, एवढाच माझा बचाव, आणि तोही काकूंना धूर जात नसेल तरच.

जाता जाता एक. आमच्याच बिल्डिंगमध्ये काही जण काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत छोटी बार्बेक्यू शेगडी पेटवतात, पावसात तर हमखास. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत, माणूस नुसता पेंगायला लागतो. उत्तरेत दर थंडीत बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली कुटुंबं यानेच जातात. कुठलंही गॅस्केट यावर उपाय नाही. कोळसा उघड्यावरच.

नव्या पट्टीला पहिल्या दोन-तीन आगी मंद द्यायच्या असतात, दीडशे अंशांच्या आत. ओल खाल्लेलं सिरॅमिकही हळूच तापवायचं, आतल्या पाण्याची एकदम वाफ झाली तर ते तडकतं. पहिल्या आगीत आम्ही नुसते कांदे आणि रताळी भाजली. पुतण्याच्या तोंडावर जे भाव होते ते लिहिण्यासारखे नाहीत.

बकरीद ७ जूनला होती, शनिवारी. त्या दिवशी शेगडी पेटवत नाही आम्ही. ईदच्या दिवशी कलेजी, वाटे, देणं-घेणं यातच रात्र होते, आणि ताजं मांस ताठ असतं, भाजलं तर चिवट लागतं. कच्ची पपई लावून एक रात्र ठेवलेल्या बोट्या बासी ईदला, म्हणजे दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी पाऊस थांबला होता. पंधरा-सोळा जण वर होतो, बिल्डिंगमधली पोरंही होती, त्यांच्यासाठी पनीर आणि मक्याची कणसं वेगळ्या जाळीवर, आधी. धूर चकतीतून सरळ वर निघत होता, काठातून कुठूनच नाही. मामू मांसाकडे बघतही नव्हता, तो काठाकडे बघत होता.

नऊ वाजून दहा मिनिटांनी खिडकी बंद केली, चकती बंद केली. दहाला मी हळूच वर जाऊन आले. झाकणाजवळ हात धरला तर ऊब होती, धूर नव्हता. अकरा वाजता आम्ही चौघे हॉलमध्ये बसून होतो आणि कुणीच झोपायला जात नव्हतं. मामूने घड्याळ समोर ठेवलं होतं, शिफ्टवर असल्यासारखं. साडेअकरा झाले. पावणेबाराला माझ्या फोनवर काकूंचा मेसेज आला, ग्रुपवर नाही, मला एकटीला.

‘‘आज नाही आला.’’

सकाळी झाकण उघडलं, आधी दोन बोटं, मग पूर्ण. तळाशी काळा, कोरडा, खणखणीत कोळसा होता, अर्ध्याहून जास्त. पुतण्याने तो पोत्यात भरला. मामूने खिशातून दहाची नोट काढून काठावर ठेवली, झाकण लावायला सांगितलं आणि ओढून पाहिली. मग पाना माझ्या हातात दिला. नवं फेल्ट पहिल्या आगींत दबतं म्हणाला, डावीकडचा बोल्ट अर्धा फेरा आवळ, आणि मग उजवीकडचा.